माती लावण्याआधी: त्वचेच्या निसर्गोपचाराची घरगुती सुरुवात

गेल्या महिन्यात इथल्याच, इंदूरच्या राजेंद्रनगरहून भाच्याने कोपराचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "मावशी, कडुलिंब लावू की माती?" मी विचारलं, "आत्ता काय काय लावतोयस?" तर यादी आली. मेडिकलवाल्याने दिलेलं एक मलम, शेजारच्या काकूंनी दिलेलं दुसरं, कोरफडीचा गर, कापूर घातलेलं खोबरेल आणि आंघोळीच्या बादलीत झाकणभर जंतुनाशक. एवढ्याशा कोपरावर पाच औषधं, आणि सहावं विचारायला माझ्याकडे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. तीस वर्षं शाळेत खडू धरला, घरी भांडी घासली, आणि दोन्ही मिळून हातांना इसब देऊन गेले. तो घेऊन मी बरीच फिरले. मातीत हात बुडवले, उपास केले, चांगल्या डॉक्टरांकडेही गेले. त्यामुळे आता इंदूरभर पसरलेल्या आमच्या नातेवाइकांत कुणाच्या अंगावर काही उठलं की फोटो माझ्याकडे येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं क्रमाने लिहून काढते आहे.

पहिलं काम: त्याचं नाव कळू दे

सगळे रोग मुळात एकच, कारण एकच आणि उपायही एकच, असं निसर्गोपचारातलं एक जुनं सूत्र आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्वचेच्या बाबतीत ते धरून बसलात तर घर खाजवत बसेल. खरजेत कातडीखाली बारीक किडा बीळ करून राहतो, त्याला तुमचं उटणंही कळत नाही आणि उपासही कळत नाही.

म्हणून आधी बघा. खाज रात्री अंथरुणात वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत का? घरात आणखी कुणी खाजवतंय का? मग खरूज धरून चाला आणि डॉक्टर गाठा. त्यावर परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावतात, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. सासूबाई "मला काही झालेलं नाही" म्हणून सुटल्या की महिन्याभरात सगळं घर परत पहिल्या पानावर.

गोल चकती, कडेला उठलेली लाल रेघ, मधे जरा साफ, जागा जांघेची किंवा कमरेची: हा नायटा, म्हणजेच गजकर्ण. ही बुरशी. पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळवणाऱ्यांची ती हमखास पाहुणी. यावर मेडिकलमधून मिळणारं तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम दोन दिवसांत खाज थांबवतं, कारण त्यात स्टेरॉइड असतं. मग बुरशी आतून हातपाय पसरते आणि चकतीची ओळखही पटेनाशी होते. भाच्याच्या यादीतलं पहिलं मलम याच जातीचं निघालं. नायट्याला बुरशीचंच औषध लागतं, तेही आठवडे, आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत.

फिकट चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर बाकी सगळं सोडून सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधं सरकारकडून फुकट मिळतात. लाजेत घालवलेलं वर्ष मात्र बोटांच्या नसांवर जातं.

निसर्गोपचाराचा खरा उपयोग उरलेल्या मंडळींना. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे किंवा माझ्यासारखा हातांवर येणारा इसब. हिवाळ्यातली उललेली कातडी. घामोळं. अंगावर उठणारं पित्त, ज्यात गांधी येतात आणि काही तासांत जागा बदलतात (महात्म्यांशी संबंध नाही, ते पुढे येतील). आणि सोरायसिस, म्हणजे कोपर, गुडघे, डोक्यावरचे जाड चंदेरी पापुद्रे. पण तो डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीने.

नाव कळण्यासाठी एकदा त्वचारोगतज्ज्ञ. पैशांची अडचण असेल तर आपल्याकडे एमवायचा, महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा, त्वचा विभाग आहे. रांग असते, सकाळी लवकर जा.

मग कपात

नवशिक्याला इथेच कंटाळा येतो. त्याला लावायला काहीतरी हवं असतं आणि मी काढायला सांगते. माझ्या हातांच्या बाबतीत कुठल्याही लेपापेक्षा या कपातीने जास्त काम केलं, म्हणून आग्रह धरते.

एक आठवडा सगळी घरगुती लेपनं बंद. लिंबू बंद, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. लसूण बंद, ती तर सरळ फोडच आणते. खायचा सोडा, टूथपेस्ट, कापूर बंद. बादलीतलं जंतुनाशक बंद. घासायची वज्री आणि काथ्या खुंटीला. साबण फक्त काखा, जांघा आणि तळपायांना. निरोगी कातडी किंचित आंबट असते, सामू (पीएच) ५ च्या आसपास. वडीचा साबण ९-१० चा. रोज दोनदा सगळं अंग फेसाळायचं आणि मग कोरडेपणाची तक्रार करायची, हे आपलं जुनंच आहे.

हातांचा इसब असेल तर भांड्यांसाठी दोन मोजे: आत सुती, वर रबरी. नुसते रबरी घातलेत तर आत घाम साचतो आणि खाज दुप्पट. मोजे घालून पोळ्यांची कणीक मळता येत नाही, हे मला मान्य आहे. तेवढी दुसऱ्या कुणाकडून मळून घ्या. घरात माणसं कशाला असतात.

या कपातीत एक अपवाद आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधं, विशेषतः बरेच दिवस लावलेलं स्टेरॉइडचं मलम किंवा पोटात घेतलेल्या गोळ्या, स्वतःच्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत. सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक सोडल्या तर रोग उसळून अंगभर पुवाच्या पुळ्या येऊ शकतात. कमी करायचं ते विचारून, टप्प्याटप्प्याने.

आंघोळ

पाणी कोमट, वेळ पाच ते दहा मिनिटं. डिसेंबरात इंदूरची थंडी बोचते आणि कडकडीत पाण्याचा मोह होतो. खाजेवर गरम पाणी ओतलं की क्षणभर स्वर्ग, मग तासभर आग.

पाणी कुठलं तेही बघा. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आणि कॉलनीतल्या बोअरिंगचं पाणी यांत फरक पडतो. नळाच्या तोंडावर पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका कातडीवर राहतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर त्यातली एक बादली आजाऱ्याच्या आंघोळीसाठी बाजूला ठेवा.

कडुलिंबाचं पाणी करायचं असेल तर दोन मुठी ताजा पाला दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण निवू द्या आणि शेवटी अंगावर ओता. आधी कोपराच्या आत थोडं लावून दिवसभर वाट बघा. पाल्यानेही काहींना पुरळ येतं. निंबोळीचं तेल पोटात कुणालाही देऊ नका, लहान मुलांना तर अजिबात नाही. थोड्याशा तेलानेही मुलांना झटके येऊन ती गंभीर झाली आहेत.

खाजेसाठी मला कडुलिंबापेक्षा ओट्स बरे वाटतात, जरी सासूबाईंना ते परदेशी खूळ वाटायचं. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळा. चमचाभर पेल्यात टाकल्यावर पाणी दुधाळ झालं म्हणजे दळण जमलं. अर्धी वाटी पीठ मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी कोमट बादलीत दाबत राहायची आणि त्या पाण्याने आंघोळ. पाय घसरतो, न्हाणीत जपून.

पंच्याने टिपायचं, घासायचं नाही. आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल. खोबरेल, शक्यतो घाण्याचं. २४-२५ अंशांखाली ते गोठतं, तर डबी आंघोळीच्या बादलीत तरंगत ठेवा. मोहरीचं तेल उत्तरेकडच्या शेजारणी सुचवतील; इसबाच्या कातडीवर ते झोंबतं. मुरुमांवर आणि डोक्यातल्या तेलकट कोंड्यावर मात्र कुठलंच तेल नको. त्या कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

ओली पट्टी

सगळ्या निसर्गोपचारात मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी ही ठेवीन. खर्च शून्य, आणि रात्री दोन वाजता खाज उठते तेव्हा दुसरं काही हाताशी नसतं.

यजमानांचं जुनं धोतर फाडून मी वीतभर रुंदीच्या पट्ट्या केल्यात. धुऊन धुऊन सूत मऊ झालेलं असतं, नवं कापड खरखरतं. जागा ओली, पाझरती असेल तर पट्टी उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवायची, पाणी गळणार नाही इतकी पिळायची आणि जागेवर दोन पदरी ठेवायची. पाच-सात मिनिटांत ती कोमट होते, पुन्हा बुडवायची. असं पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाझर थांबला की ही पद्धत बंद, नाहीतर कातडी उलायला लागते.

जागा कोरडी, जाड, भेगाळलेली असेल तर उलटं. आधी भरपूर तेल किंवा साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेलीचं बोट, त्यावर ओली पट्टी, त्यावर कोरडी. अर्धा-एक तास ठेवली तरी पुरे. हातांसाठी ओला सुती मोजा आणि वर कोरडा मोजा. स्टेरॉइडचं मलम लावून त्यावर पट्टी बांधायची नाही. बांधल्याने औषध कितीतरी जास्त आत शोषलं जातं. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

अंगावरच्या पित्तालाही गार पट्टी चालते. आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. मी लावते. त्यात आमसुलाचा वाटा किती आणि गार पाण्याचा किती, हे शोधायच्या भानगडीत पडले नाही. पण काहींना गारव्यानेच पित्त उठतं, त्यांनी यातलं काही करू नये. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर आमसूल शोधत बसू नका, थेट इस्पितळ.

माती

आता ज्यासाठी बहुतेकजण येतात ती. गांधीजींचा मातीच्या पट्टीवर मोठा विश्वास होता. १९४६ साली त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो आजही चालतो. तिथल्या आणि आपल्या मातीत फार अंतर नाही, दोन्हीकडे काळा पाषाण झिजून झालेली जमीन. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर" असं इथले लोक म्हणतात ते याच काळ्या मातीच्या जोरावर.

पण ती वापरायला हट्टी आहे. पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा. तसंच ती तुमच्या कातडीवर करते. म्हणून तिच्यात चौथा हिस्सा धुतलेली बारीक वाळू मिसळा आणि वाळायच्या आत काढा.

माती रस्त्याकडेची, बागेतल्या कुंडीतली किंवा खत-फवारणी झालेल्या शेतातली नको. पडीक जागेत दोन-तीन फूट खणून खालची घ्यायची. मी पहिल्यांदा ओळखीच्या मजुराला सांगितलं तर तो म्हणाला, "दीदी, गमले के लिए चाहिए तो ऊपर की ले जाओ, नीचे की में कुछ नहीं उगता." नेमकी तीच हवी होती. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, चाळा. चाळणी वेगळी ठेवा. पिठाची वापरलीत तर घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. रात्री मडक्यात भिजवा, सकाळी लाकडी पळीने घोटा. श्रीखंडाइतकी दाट हवी.

पातळ सुती कापडात अर्धा इंच जाडीची वडी थापून ती पोटावर, बेंबीखाली, वीस-तीस मिनिटं ठेवतात. पोटावर का, यावर निसर्गोपचारक लांब सांगतील. माझ्यापुरतं एवढंच, की त्या अर्ध्या तासात निपचित पडून राहावं लागतं आणि खाजवायला हात मोकळे असले तरी मन होत नाही. घामोळ्यावर किंवा न फुटलेल्या, कोरड्या, खाजऱ्या जागेवर थेट पातळ लेप देता येतो. दहा-पंधरा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुऊन तेल, घामोळ्यावर मात्र तेल नको. कातडी फुटलेली, पाझरणारी, कापलेली असेल तिथे माती लावायची नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि उन्हात वाळवून ते मरत नाहीत. एकाची माती दुसऱ्याला वापरू नये. थंडीत, दमा असलेल्यांनी आणि अगदी लहान मुलांवर गार माती नकोच.

मुलतानी माती तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला ठीक. इसबाला ती शत्रू.

ऊन

सोरायसिसला ऊन मानवतं, ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. त्वचारोगतज्ज्ञ यंत्रातून जो अतिनील प्रकाश देतात तो सूर्याच्या प्रकाशातलाच निवडक पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. गच्चीवर सकाळी पाच मिनिटांनी सुरुवात करा, हळूहळू पंधरापर्यंत. कातडी गुलाबी झाली म्हणजे जास्त झालं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा आठच्या आत आटपा. उन्हाने पुरळ वाढत असेल, गालांवर लाली उठत असेल किंवा चालू औषधावर "ऊन टाळा" असं सांगितलेलं असेल तर हा उपाय तुमचा नाही.

कोडावर बावची (एका औषधी झुडपाचं बी) लावून उन्हात बसायला सांगणारे बरेच आहेत. बावचीतली द्रव्यं उन्हासोबत खरोखर काम करतात, म्हणूनच ती मोजून द्यावी लागतात. अंदाजाने लावलेल्या बावचीचे फोड मी जावेच्या पायावर पाहिले आहेत.

पोटाकडे

इथे थोडक्यात, कारण इथेच सर्वांत जास्त थापा चालतात. एनिमाने इसब जात नाही. लहान मुलाचं दूध, गहू, दही सगळं एकदम तोडून त्याला वाळवू नका. तोडायचंच तर डॉक्टरांना विचारून एकेक पदार्थ, तीन-चार आठवडे, वहीत नोंद करून. मुरुमांचं साखरेशी नातं दिसतं, तर जिलबीचा नंबर आधी. नुसते पोहे चालतील. वजन जास्त असलेल्याचा सोरायसिस वजन उतरल्यावर सुधारतो, दारूने बिघडतो. मीठ-शेव बंद करून इसब बरा झाला असं सांगणारे भेटतात. मी सहा आठवडे शेवेशिवाय काढले, इंदुरात राहून! हातांना काही फरक पडला नाही, कंबर तेवढी कमी झाली.

कुणाच्या हाती जायचं

एका सात दिवसांच्या शिबिरात मी हौसेने गेले होते. हात पाझरायला लागले होते. तिथले गुरुजी म्हणाले, "ताई, दाबलेलं विष बाहेर पडतंय. शुभ लक्षण आहे." मी मान डोलावली आणि त्यावर मातीही लावून घेतली. चौथ्या दिवशी पिवळी खपली धरली, काखेत अवधाण आलं, ताप चढला. यजमान घ्यायला आले ते सरळ डॉक्टरांकडेच घेऊन गेले. विष कसलं, पू होता. प्रतिजैविकांचा कोर्स झाला आणि हात महिनाभर मागे गेले.

तेव्हापासून चौकशी केल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही. बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची निसर्गोपचार आणि योगाची पदवी आहे, इंटर्नशिप धरून. ती आहे का? चालू औषधं विचारली का, चिठ्ठ्या बघितल्या का? "आधी सगळं बंद करा" असं पहिल्याच भेटीत म्हणाले का? म्हणाले तर चप्पल घालून निघायचं. ताप, पू, वेगाने पसरणारी लाली, डोळ्याजवळचे फोड, सगळं अंग लाल होणं, नव्या औषधानंतर तोंड सोलवटणं, यांतलं काहीही दिसलं तर घरचे सगळे उपाय बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.

आणि वाट बघणं

कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, त्यामुळे चार आठवड्यांच्या आत निकाल मागू नका. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळणार नाही. आठवड्याला एक फोटो: तीच खिडकी, सकाळी नऊची वेळ, बल्ब बंद, आणि डागाशेजारी एक नाणं, म्हणजे आकार मोजता येतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने एमवायत दाखवलं, सोरायसिस निघाला, तिथलं मलम सुरू झालं. बाकी पाचही गोष्टी बंद, फक्त कोमट आंघोळ आणि खोबरेल. काल दुसऱ्या आठवड्याचा फोटो आला. डाग बराच लहान दिसला म्हणून मी खूश झाले, मग नीट पाहिलं. मागच्या वेळी रुपयाचं नाणं होतं, या वेळी दहाचं. परत काढायला लावला आहे.